गंधक काढायच्या मशीनची चोरी

ती फिर्याद आजही विसरलेलो नाही, कारण चोरीला गेलेली वस्तू दुमजली घराएवढी होती.

बारामतीजवळच्या औद्योगिक वसाहतीत जळकं इंजिन ऑइल शुद्ध करून इंधन बनवणारा एक छोटा कारखाना होता. इंधनातला गंधक कमी करायचा, असा नवा नियम आला होता. मोठ्या कारखान्यांनी मशिनं बसवली. छोट्यांना जास्तीची मुदत मिळाली, ती पुन्हा वाढली आणि आता तीही संपत आली होती. मशीन नसेल तर कारखान्याला टाळं. नेमके तेव्हाच त्याचे मालक आमच्या पोलीस ठाण्यात आले.

"साहेब, गंधक काढायचं मशीन चोरीला गेलं. एफआयआरची प्रत आजच मिळेल ना?"

ज्याची चोरी होते तो आधी माल कधी सापडेल ते विचारतो. या गृहस्थांना फक्त प्रत हवी होती. शिवाय संशयितही त्यांनी तयारच ठेवला होता, गेटवरचे म्हातारे वॉचमन, पणदऱ्याचे तात्या. या माणसाला पाण्याची बादली उचलतानाही दम लागायचा. पण फिर्यादीत नाव घेतलं म्हटल्यावर चौकशी करणं भाग होतं.

"मशीन मी बघितलंच न्हाय साहेब, तर चोरू कुठनं?" तात्या म्हणाले. "पोराची पोलीस भरतीची पडताळणी चालू हाय. बापाचं नाव चोरीत आलं तर त्याच्या नोकरीचं काय हुईल?"

मला मालकाचा मनस्वी राग आला, पण राग काही पंचनाम्यात लिहिता येत नाही. पुरावा हवा होता.

आम्ही घटनास्थळी गेलो. सिमेंटच्या ओट्यावर एक कुत्रं निवांत झोपलेलं. "मशीन इथंच होतं," मालक म्हणाले. उठवलं तर ते आमच्यावरच गुरगुरलं. जागा त्याची बरीच जुनी असावी.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की कारखान्यातल्या वजनकाट्यापासून ऑफिसातल्या झेरॉक्सपर्यंत सगळ्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. मी सहज विचारलं, "मशीनची पूजा केली होती का?"

"म्हणजे काय! नारळ फोडला, शेजारच्या सगळ्या कारखान्यांत पेढे वाटले."

तिथंच मालक फसले. आमचे हवालदार इंदापूरचे, खाण्यापिण्याच्या बाबतीत फार काटेकोर. ते शेजारी जबाब घ्यायला गेले. पहिला शेजारी म्हणाला, "पेढं? आमाला न्हाय मिळालं." दुसरा तर उखडलाच. "म्हंजी वाटलं होतं व्हय? आमालाच वगळलं?" चहाच्या टपरीवाल्यानंही तोंड पाडलं. थोड्या वेळानं हे सगळे हवालदारांच्या मागोमाग मालकाच्या ऑफिसात हजर. चोरीचं कुणालाच काही नव्हतं, अपमान पेढ्यांचा झाला होता. माझी उलटतपासणी बाजूलाच राहिली.

"तुझ्या पोरीच्या लग्नात आमी राबलो, आन् पेढ्याला आमी नको?"

मालकाला घाम फुटला. शेवटी हात जोडून ते ओरडले, "अरे, मशीनच आलं नव्हतं, तर पेढे कुठून वाटू!"

हवालदारांनी शांतपणे पेनचं टोपण काढलं.

चोरी दाखवली की आणखी मुदत मिळेल, असा मालकांचा हिशेब होता. खोट्या फिर्यादीबद्दल पुढे त्यांच्यावरच कारवाई झाली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. गळ्याशी आलं की माणूस आपल्यापेक्षा गरीब कोण आहे ते शोधतो आणि सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा होतो. आणि आळ चारचौघांत घेतला जातो, निर्दोष सुटल्याचं मात्र कागदावरच राहतं.

म्हणून मी तात्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ते म्हणाले, "काय नको साहेब. मालकांनी गेटवर सगळ्यांम्होरं सांगावं, तात्या चोर न्हाय म्हणून."

पाळी सुटताना मालक गेटवर उभे राहिले, खाली मान घालून पुटपुटले.

तात्यांनी कानाशी हात नेला. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाय, मालक. जरा मोठ्यानं."