रोजच्याइतकंच लाल

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘रंगारी’ म्हणायचे. समुद्राच्या पाण्याचं गणित मोठमोठी यंत्रं करायची आणि त्यातून निघालेल्या कोट्यवधी आकड्यांचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर याचं. पातळी नेहमीची तिथे निळं, वाढली तिथे लाल. अकरा वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलो, म्हणून सांगतो, इतकं जीव ओतून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याची थोरली बहीण बंदरालगतच्या सखल गल्लीत राहायची. रोज सकाळी तिचा फोन. “आज कसं आहे रे?” हा पडद्याकडे बघायचा. “रोजच्यासारखंच, ताई.” तेवढ्या भरवशावर मेहुणे तळघरातल्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायला उतरायचे.

मग नवे डायरेक्टर आले. तोवर रंगाऱ्याची रंगांची मोजपट्टी पक्की होती. पाणी दोन मीटर चढलं तरच लाल, त्यामुळे चित्र बहुतेक दिवस निळंच. साहेबांनी नाक मुरडलं. “पाहुण्यांना काय हे निळं फडकं दाखवायचं? त्या दिवशी जिथे सर्वांत जास्त असेल, तिथे लाल करा.”

याने तीनदा लेखी विरोध केला आणि शेवटी मान तुकवली. कोपऱ्यात पाण्याच्या खऱ्या पातळीचे बारीक आकडे तेवढे ठेवले. त्यानंतर समुद्र शांत असो की खवळलेला, चित्र तितकंच लाल. त्या चित्राला बक्षीसही मिळालं. साहेबांनी त्याचं मानपत्र स्वतःच्या केबिनमध्ये लावलं!

त्या मंगळवारी ताईचा फोन आला तेव्हा याच्या हातात चहा होता. त्याने चित्र पाहिलं. मीही पाहिलं. “रोजच्यासारखंच, ताई.” कोपऱ्यात दोन पूर्णांक सहा दशांश मीटर लिहिलेलं होतं. ज्याने ते आकडे तिथे ठेवले, त्यानेच ते वाचले नाहीत. दुपारी पाणी गल्लीत शिरलं. मेहुणे तळघरातून वर आलेच नाहीत.

चौकशीत साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, आकडा पडद्यावर होता. ते खरंच होतं, याचीच मला चीड येते. त्या तीन पत्रांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. मला नोकरी टिकवायची होती.

महिन्याभराने ताई ऑफिसात आली. बसली नाही.

“त्या दिवशी तू बघून सांगितलंस, की न बघताच?”

“बघून.”

“न बघता सांगितलं असतंस, तर माफ केलं असतं रे,” ती म्हणाली आणि निघून गेली.