एकच चिपा

देओलिंदाने अकरा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन चिपा, म्हणजे चीजची भाजलेली छोटी रोटी, विकली. बार्रेरोच्या थांब्यावर बसमध्ये चढायचं, पुढच्या वळणावर उतरायचं. संध्याकाळचे वर्ग करून एकतिसाव्या वर्षी ती तंत्रज्ञ झाली. आता असुन्सिओनमधल्या आमच्या मुलांच्या हॉस्पिटलात ती यकृताचं यंत्र चालवते. मी तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसतो. साहित्याच्या पदवीवर मला एवढंच मिळालं. ती मला ‘कविराज’ म्हणते. मी एकही कविता लिहिलेली नाही.

यंत्राची दांडी बरगड्यांच्या मध्ये टेकवायची. ती हलकी टिचकी मारते. टिचकीची लाट जितकी वेगाने धावेल, तितकं यकृत कडक, म्हणजे आत व्रण जास्त. सुई नाही, रक्त नाही. देओलिंदा मुलांना सांगते, “मी चीज बघतेय. ताजं की सुकलेलं, टिचकीवर कळतं. तू फक्त हसायचं नाहीस.” मुलं हसतात. ती थांबते. मग पुन्हा.

त्या मंगळवारी काआग्वासूहून बसने आरासेली आली होती. वय नऊ. दोन वर्षांपूर्वी तिच्या यकृतात सुई घालून तुकडा काढला, तेव्हा रक्त थांबेना. चार दिवस ती मरणाच्या दारात होती. तेव्हापासून तिची आई निमिआ एकच प्रश्न विचारते : पुन्हा सुई नाही ना?

“सकाळपासून काही खाल्लं?” देओलिंदाने विचारलं.

“काही नाही बाई. उपाशी आणलीय.”

यंत्राने दहा टिचक्या मारल्या. आकडा आला नऊ पूर्णांक नऊ. हिवाळ्यात तो सात पूर्णांक दोन होता.

डॉक्टर ओकांपोस यांनी कागद पाहिला. “व्रण वाढलेत. उद्या सुई.”

निमिआने लेकीचा स्वेटर उलटा घातला, काढला, पुन्हा उलटाच घातला.

मी दाखल करायचा कागद घेऊन उभा होतो. देओलिंदा यंत्राच्या दांडीवरची जेल पुसत होती. तेवढ्यात आरासेलीने जांभई दिली. देओलिंदाचा हात थांबला.

“राणी, बस कुठे कुठे थांबली गं?”

“बार्रेरोला.”

देओलिंदा आईकडे वळली. “किती वाजता?”

“सात असतील.”

“मग टोपलीवाली चढली असेल.”

“चढणारच की.”

“आणि तुम्ही घेतली.”

“एकच, बाई! अर्धी मी खाल्ली. पण ते काय खाणं आहे? चिपा आहे ती.”

“चीज, अंडी, चरबी, कसाव्याच्या कंदाचं पीठ, बडीशेप. मीच मळायचे. खाल्लं की यकृतात रक्त जास्त येतं, ते फुगतं. यंत्राला ते कडकच वाटतं.” मग हळू आवाजात, “हिच्या जांभईत बडीशेपेचा वास आला. तो अकरा वर्षं माझ्या केसांत होता. म्हणून आधी कळला नाही. माझीच चूक.”

डॉक्टर हसले. “देओलिंदाबाई, हे यंत्र आता नाकाने चालतं का?”

“यंत्र पोटावरच चालतं, डॉक्टर. नाक माझं आहे. साडेदहापर्यंत चिपा खाऊन तीन तास नक्की उलटतील. मी पुन्हा मोजते. आकडा तोच आला, तर उद्या सुईच्या वेळी मी स्वतः हिचा हात धरून बसेन.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “कविराज, तो कागद साडेदहापर्यंत धरून ठेवा.”

तोपर्यंत निमिआने आरासेलीला घोटभर पाणीही दिलं नाही. मुलगी भुकेने चिडली. देओलिंदा तिला कैदी म्हणाली. आरासेली तिला जेलर म्हणाली.

साडेदहाला पुन्हा दहा टिचक्या. कोणी हसलं नाही.

सहा पूर्णांक आठ.

डॉक्टरांनी हिवाळ्याचा आकडा पाहिला. मागच्या आठवड्यातला रक्ताचा अहवाल पाहिला. तो चांगला होता. दोन्ही कागद त्यांनी पुन्हा पाहिले. मग माझ्या हातातला कागद घेतला आणि फाडला.

“औषधं तीच. सहा महिन्यांनी या.”

“आणि सुई?” निमिआने विचारलं.

“नाही.”

ती जमिनीवरच बसली. रडली नाही. तिने लेकीचा स्वेटर काढून नीट सुलटा घातला.

देओलिंदा फाटकाकडे गेली. परत आली तेव्हा अंगात पांढरा कोट आणि डोक्यावर फाटकातल्या चिपावालीची अख्खी टोपली होती. हात न लावता ती लांबलचक व्हरांड्यातून चालत आली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मान ताठ, पावलं सावकाश.

“चिपा! गरम चिपा!” पूर्ण हॉस्पिटलाला ऐकू गेलं. “उपाशी आणायच्या मुलांना आज बसमध्ये ही कोणी खाऊ घातली? खरं सांगा, रागावणार नाही!”

आया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक हात वर आला. मग आणखी दोन.

“तुम्ही तिघी माझ्याकडे शेवटी या,” देओलिंदा म्हणाली. मग ती आरासेलीसमोर गुडघ्यावर बसली. टोपली हलली नाही. “घे, राणी. कितीही.”

आरासेलीने दोन्ही हातांनी दोन घेतल्या. तिसरी तिने डॉक्टरांना दिली. त्यांनी ती तिथेच उभं राहून खाल्ली.