रीटाच्या पोटाची वही

चार डॉक्टर जमले की किस्से निघतातच, आणि मुलांच्या वॉर्डातले तर संपतच नाहीत. ऐंशीच्या दशकात मी पुण्यात डॉक्टरी शिकून सिडनीला आईबाबांकडे परतलो आणि वेस्टमीडच्या बाजूला एका हॉस्पिटलात लागलो. महिनोन्‌महिने दुखतंय, पण तपासण्यांत काही सापडत नाही, अशी टीनएजर मुलं तिथे यायची. सगळ्यांना मीच बरं करणार होतो!

*

रीटा चौदा वर्षांची. आईवडील वसईचे. पोटदुखीपायी तिची शाळेची एक टर्म बुडाली होती. दुसरी बुडाली की वर्ष जाणार. पहिल्याच दिवशी तिने वही पुढे केली. 'साडेदहा, डावीकडे गुरगुर. अकरा, छातीत धडधड.'

"यातलं दुखलं कुठलं?"

"अजून एकही नाही. पण दुखणार होतं!"

*

वही मला फारच आवडली. मी वॉर्डातल्या सगळ्यांनाच दर तासाला लिहायला लावलं. तिसऱ्या दिवशी माझे सीनियर डॉ. प्रधान वह्या चाळून म्हणाले, "सोमवारी यांची पोटं दुखत होती आणि त्या डॅरनचा गुडघा. आज पोट, छाती आणि डॅरनचे कान. छान प्रगती आहे तुझी."

वह्या बंद झाल्या.

*

मग मनगटाला हात न लावता स्वतःचे ठोके मोजायचा प्रयोग. गुडघेदुखीवाला डॅरन मिनिटभर डोळे मिटून बसला. "एकही नाही. डेड, मेट. नो वरीज!"

रीटाचा आकडा माझ्या स्टेथोस्कोपशी तंतोतंत जुळला. मी टाळ्या वाजवल्या. ती पांढरीफटक पडली.

"इतकं कळतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय ना?"

*

तिची आई आल्या आल्या विचारायची, "कसं वाटतंय गं?" आम्ही त्या प्रश्नावर बंदी घातली. बाईंनी शब्द पाळला. तासभर नुसत्या तिच्या पोटाकडे बघत बसल्या.

"मम्मी, माझं तोंड वर आहे!"

*

धडधड म्हणजे नुसती धडधड, हे रीटाला पटावं म्हणून आम्ही दोघं तीन मजले चढायला निघालो. दुसऱ्यावरच मी कठडा धरून खाली बसलो.

"डॉक्टर, तुमचं पण धडधडतंय?"

"खूप."

"मग तुम्ही काय करता?"

"काही नाही."

ती तिसरा मजला एकटीच चढून गेली.

*

टर्म सुरू झाली. रीटा शाळेत गेली. दुखलं तर शाळेच्या ऑफिसातून आम्हाला फोन करायचा, आई येऊन घरी नेईल, असं ठरलं होतं. एकदा घरी आली की ती परत जाणार नाही, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

लंचच्या सुमाराला फोन वाजला. प्रधानांनी माझ्याकडे बघितलं. मी उचलला.

"डॉक्टर, सकाळपासून पोटात काहीतरी ओढल्यासारखं होत होतं."

"बरं. मग?"

"मग सँडविच खाल्लं."

"आणि आता?"

"आता मैत्रिणीचं अर्धं खातेय. ठेवते, बेल झाली!"