सावलीबाईंचा दुधाचा पेला

कॉलेजच्या मुली त्यांना सावलीबाई म्हणायच्या, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. शर्यत संपली की बाई जिंकलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवायच्या. "अभिनंदन गं बाळा. आता तुझी तपासणी. लघवीचा नमुना देईपर्यंत मी काही तुझी पाठ सोडत नाही." आणि खरंच सोडायच्या नाहीत. पोरगी बक्षीस घ्यायला गेली की बाई मागे, मैत्रिणीच्या गळ्यात पडली की बाई शेजारी, संडासात गेली तरी बाई उघड्या दारात उभ्या. बंदीचं औषध घेऊन कुणी धावलं का हे शोधायचं, तर नमुना तिचाच आहे हे कुणीतरी डोळ्यांनी बघायला नको? पण ओळख ना पाळख, अशा बाईसमोर कुणाला होते हो लघवी! मग बाई नळ सोडायच्या, स्वतःच्या फजितीचे किस्से सांगायच्या, आणि हसता हसता पोरीचं काम होऊन जायचं. एरवी त्या घरी ब्लाउज शिवायच्या, पण या कामाचा त्यांना भारी अभिमान.

प्रत्येकीला त्या एकच गोष्ट बजावायच्या. "सील तुटलेली बाटली तोंडाला लावायची नाही. आपल्यासमोर भरला नाही तो पेला प्यायचा नाही. कुणी का देईना!" त्यांच्या लेकीचे, भिंगरीचे, हे ऐकून ऐकून कान किटले होते. भिंगरीही कॉलेजच्या संघात होती. धावणारी म्हणायची एवढंच, कारण ती राखीव खेळाडू, आणि सगळा मोसम तिनं बाकावर बसून काढला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी भिंगरीला सर्दी. शिंकांवर शिंका, नाक लालबुंद. गोळी घे म्हटलं तर म्हणाली, "खेळाडूनं विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नसते. तूच सांगतेस ना?"

आज कुठे धावायचंय तुला, बाई मनात म्हणाल्या. ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी सर्दीची गोळी कुटून गरम दुधात घातली, वर दोन चमचे साखर ढवळली, "दूध संपव गं सगळं!" असं ओरडून सांगितलं आणि मैदान गाठलं. त्या गोळीत बंदीचं औषध असतं, शर्यतीच्या दिवशी ते अंगात सापडलं तर खेळणं बंद होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण पोर शिंकायला लागली की आईचा हात कुणाला विचारतो का!

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. संघातल्या एकीचा पाय मुरगळला आणि ऐनवेळी भिंगरीला उतरवलं. बाईंनी पाहिलं तेव्हा ती रेषेवर वाकलेली होती, आणि त्या तोंड उघडणार तोच पिस्तुलाचा बार झाला.

देवा, हिला शेवटची येऊ दे, बाईंनी हात जोडले. शेवटचीला कोण तपासतंय! पण भिंगरी कसली ऐकतेय. एक मागे पडली, दुसरी मागे पडली. शेवटच्या वळणावर ती पुढच्या मुलीला भिडली तेव्हा बाई सगळं विसरल्या आणि गळा फाटेस्तोवर ओरडल्या, "धाव गं भिंगरे! सोडू नकोस तिला!"

भिंगरी पहिली आली.

घरच्या मुलीची सावली व्हायचं नाही, असा नियम. म्हणून दुसऱ्या बाई तिला घेऊन गेल्या. सावलीबाईंनी प्रेक्षकांत नवरा शोधला, तर तो मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेला. लेक पहिली आली आणि हा माणूस घोरतोय! त्यांना रडूच फुटलं.

गप्प बसावं, तर नमुन्यात औषध निघणार आणि पोरीच्या नावाला डाग लागणार. सांगावं, तर तिचं पदक जाणार आणि आपलं कामही. पण सांगितलं तर निदान जगाला कळेल, चूक पोरीची नव्हती. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि तपासणीच्या खोलीत शिरल्या.

भिंगरी डॉक्टरबाईंसमोर खुर्चीत पाय हलवत बसली होती. भरमसाट पाणी प्यायल्यामुळे पहिला नमुना फारच पातळ आला होता, तो चालणार नव्हता, आणि आता दुसरा होता होत नव्हता.

"डॉक्टरबाई, हिचा काही दोष नाही," सावलीबाई एका दमात म्हणाल्या. "सकाळी मी दुधात सर्दीची गोळी घातली. हिला न सांगता."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही? अहो, तुम्ही?"

"कुठलं दूध?" भिंगरी म्हणाली. "ते टेबलावरचं? ते मी नाही प्यायले. बाबांना दिलं."

तेवढ्यात दार ढकलून बाबाच आत आले. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "काय गं, शर्यत कधी आहे?" त्यांनी मोठी जांभई दिली. "आज सकाळपासून डोळाच उघडत नाहीये."

डॉक्टरबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमेना. "तरी हे मला लिहून ठेवावं लागेल हं," त्या कशाबशा म्हणाल्या.

बाईंना मात्र हसू येईना. "अगं, पण का नाही प्यायलीस? आईनं दिलं होतं ना?"

"माझ्यासमोर कुठे भरलं होतंस?" भिंगरी म्हणाली. "कुणी का देईना, असं तूच म्हणतेस."

बाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि त्या रडता रडता एकदम हसायला लागल्या. मग भिंगरीही हसायला लागली. हसता हसता ती ताडकन उठली. "आई, सोड! सोड, लागली!"

ती धावत सुटली. सवयीनं सावलीबाईही तिच्यामागे निघाल्या.

"तुम्ही नाही, बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही आज आई आहात. बसा."

बाई बाकावर बसल्या. शेजारी नवऱ्याला पुन्हा डुलकी लागली होती. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

"लेक पहिली आली हो," बाई त्याला हलवत म्हणाल्या. "उठा ना! तिनं माझं ऐकलं."