इंद्रभान गायक्याची बांडी

आमच्या किन्हीराजात गायकी म्हणजे गाणारा नाई हो, गावची ढोरं चारणारा. आमचा इंद्रभान तोच. पण त्याच्या पोरीनं, साधनानं, कॉलेजातल्या पुण्याच्या मॅडमले सांगतलं, "बाबा गायकी करतात." मॅडम खूश! पोरगी समुद्रात गाणाऱ्या देवमाशांचा अभ्यास करते, अन् बाप गवई! फोन करून विचारलं, "घराणं कोणतं?" हा म्हणे, "घरानं लहानच हाये मॅडम. मी, कस्तुरा अन् एक पोरगी." मी, शादाब टेलर, बाजूलेच बसलो होतो. चहा नाकातून आला माया.

साधना सध्या कुठल्याशा लांबच्या बेटावर हाये. देवमासा बुडी मारताना शेपूट वर काढते, तिच्या खालच्या काळ्यापांढऱ्या डागांवरून तो ओळखाचा असते. गावची दोनशे ढोरं नुसत्या शेपटीवरून ओळखणाऱ्या बापाले ती मग फोटो पाठवते, माया मोबाइलवर. हा पठ्ठ्या देवमाशांची नावं बी ठेवते. शेपटीवर पांढरं असलं का बांडी, आपल्या गाईवाणी. अन् ऐट अशी, जशी समुद्राची राखण यालेच देली!

दिवाळीच्या आधी एका पिल्लावाल्या देवमाशाचा फोटो आला, अन् मागून तिचा फोन. "बाबा, या पिल्लावालीचा जुना फोटो सापडला नाही तर काम संपलं, मी दिवाळीले घरी. सापडला तर तिच्यावर अन् पिल्लावर नजर ठेवाले अजून सालभर इथंच." कस्तुराभाबीनं लगेच अनारशाचे तांदूळ भिजू घातले.

इंद्रभाननं तो फोटो मोठा करून निरखला. मग जुने फोटो सरकवत एका शेपटीवर बोट ठेवलं. डावं टोक तुटलेलं, मधात पांढरा पट्टा.

"शादाबभाई, हे आपली बांडीच हाये. तवा पिल्लू नव्हतं संग."

"मंग कायले सांगतं बावा? कोनाले समजते? पोरगी घरी येऊन राह्यली ना!"

भाबीनं तं हातच जोडले. "नाईच सापडली म्हना हो."

"तीस वर्षं झाली," इंद्रभान म्हणे, "कोनाचं हरपलेलं ढोर दिसलं अन् मी गप बसलो, असं कवा झालं नाई." अन् मले फोन लावाले लावला.

साधना तिकडून आनंदानं ओरडलीच. "बाबा, नक्की ना?"

"माया बांडीले मी ओळखत नाई का?"

फोन ठेवल्यावर मी चिडवलं, "घ्या गवईबुवा, गेली दिवाळी!"

तो हसला नाई. म्हणे, "साऱ्या गावाची ढोरं रोज सांजीले घरी आनून सोडतो मी. अन् मायी एकच पोरगी, तिले मीच सालभर लांब हाकललं."