पुढच्या चाकांवरचं वजन

निवृत्त झाल्यावर नोकरीतली बरीच प्रकरणं पुसट होत गेली. हिर्डोशीच्या चढावरच्या ट्रकचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं, आणि आठवलं की छाती जरा फुगते. फुगू दे. तपास मी केला होता.

मी तेव्हा भोर भागात नेमणुकीला होतो. सकाळी फोन आला की वरंधा घाटाकडं जाणारा एक ट्रक वळणावर न वळता सरळ गेला, कठड्यावर आदळला, आणि कडेला दुधाचे कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा पाय त्यात मोडला. आम्ही पोचलो तेव्हा जखमीला घेऊन ट्रकचालक स्वतः दवाखान्यात गेला होता. जागेवर ट्रकमालक आणि त्याची दोन माणसं होती. घाटात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळं आम्हाला खबर मिळायला बराच उशीर झाला होता. मालक आमच्या आधी येऊन थांबला होता.

ट्रक बघण्यासारखा होता. जुना छोटा ट्रक, त्याची चारही चाकं इंजिनवर चालायची. मालकाचा वर घाटमाथ्यावर कॅम्प होता. शहरातले पाहुणे चिखलातून, ओढ्यातून फिरवायला त्यानं ट्रक नव्यानं बनवून घेतला होता. स्प्रिंगा उंच, टायर छातीएवढे, मधे पाहुण्यांच्या खुर्च्या, टपावर तंबू. आम्ही पंचनामा केला, ट्रक ठाण्याच्या आवारात आणून लावला आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा चालकावर दाखल केला.

चालक हिर्डोशीच्याच बाजूचा, तिशीच्या आतला. दारूची तपासणी केली, काही निघालं नाही. चौकशीला समोर बसवलं.

"झोप लागली होती?"

"न्हाई साहेब."

"पाहुण्यांना जोर दाखवत होतास?"

"पावनं नव्हतंच गाडीत. म्या एकलाच व्हतो. म्या स्टेअरिंग वळवलं. चाकं वळली, गाडी न्हाई वळली."

"असं कसं होईल?"

"हातात कायच न्हाई असं वाटलं बगा. पाण्याची टाकी भरल्याली व्हती मागं. आजवर रिकामीच न्यायचो, कॅम्पवर भरायचो. तिथली हीर आटली म्हून मालक म्हनलं, खालनंच भरून घे."

मी उलटसुलट विचारलं, आवाज चढवला, दोन तास बाहेर बसवून पुन्हा विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी गोष्टीला मीठमसाला लावतो, हा माझा अनुभव. ह्यानं एक शब्द वाढवला नाही. चाकं वळली, गाडी न्हाई वळली.

त्याच्यासाठी हा नुसता खटला नव्हता. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती. रुजू व्हायच्या आधी चारित्र्य पडताळणी होते, आणि तो कागद माझ्याच टेबलावर आला होता. अपघाताचा गुन्हा लिहून पाठवला की त्याची नोकरी गेली.

मालक स्वभावानं गोड होता. ठाण्यात आला की सगळ्यांना नमस्कार. त्यानं जबाब दिला, "पोरगं चांगलं आहे साहेब, पण वेगाचं वेड. आणि टाकी कसली? गाडीवर टाकीबिकी नव्हती. तुमच्या पंचनाम्यात तरी आहे का?"

पंचनाम्यात नव्हती. मीच केला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. विज्ञानाची पदवी घेतली, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या दिवशी डोक्यात आली ती आमच्या वडिलांची बैलगाडी. उत्रोलीच्या खाचरांतून भाताचा पेंढा आणायचो, तेव्हा भार मागं जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उठायचं. त्याला आम्ही गाडी उलाळ झाली म्हणतो. वडील दोन पेंढ्या पुढं सरकवायचे आणि मगच हाकायचे. ट्रकला जू नसतं, पण पुढची चाकं उचलल्यागत झाली, तर ती वळवून उपयोग काय? रस्त्यावर भार असेल तरच चाक रस्ता धरतं.

इंजिन शाबूत होतं. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं आणि ट्रक शिवऱ्याच्या वजनकाट्यावर नेला. आधी सगळा ट्रक तोलला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. एकूण वजनाचे पाच वाटे धरले, तर पुढच्या चाकांवर दोन आणि मागच्यांवर तीन. निरीक्षक म्हणाले, "अशा गाडीला हे ठीकच आहे."

आमचे हवालदार मिशीत हसले. "साहेब, ट्रक तोलून झाला. आता आरोपीला बी काट्यावर उभा करू का?"

"करा. आणि त्याच्यानंतर तुम्ही चढा," मी म्हणालो.

पण राग आला होता, म्हणून ट्रकभोवती आणखी एक फेरी मारली. सगळ्यात मागं, मागच्या चाकांच्याही पलीकडं, चासीला चार भोकं दिसली. बाकी सगळीकडं चिखल आणि गंज, आणि या चार भोकांच्या कडा मात्र घासून चकचकीत. तिथं काहीतरी बसवलेलं होतं आणि ते नुकतंच काढलेलं होतं.

मी त्या भागातल्या पोलीस पाटलांना निरोप दिला की घाटाच्या खालच्या अंगाला कुठं टाकी दिसली तर कळवा. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "साहेब, दरीतल्या वाडीत येका घरी टाकी आलीया. ग्रामपंचायतीनं तर दिल्याली न्हाई."

गाडीरस्ता संपला तिथून चालत गेलो. घरापुढं पिवळी टाकी, तिला तोटी, खाली बादली. शेजारी भाजीच्या वाफ्याला लोखंडी चौकटीचं फाटक. घरधनीण साठीची असेल. नाचणी पाखडत बसली होती.

"मावशी, टाकी कुठनं आणली?"

"आनली न्हाई, आली."

"कशी आली?"

"गडगडत."

पाटील हसायला लागले. मी विचारलं, "कुणी गडगडवली?"

"वर दोगं जन व्हतं. म्या खाली गवत कापीत व्हते. टाकीतलं पानी सोडलं, मंग टाकी ढकलली, ह्यो सांगाडा बी ढकलला. येकानं तर चिखल लागला म्हून बूट पुसला. वाली कोन दिसंना, मंग म्या आन माझ्या जावंनं वढीत आनली. चांगल्या वस्तूला तिथं काय कुजाय ठिवायचं? आता चोरी लावतासा का काय?"

"चोरी नाही मावशी. साक्ष लावतो."

"म्हंजी भोरला यावं लागंल? हितं यष्टी कुठाय येळंवर?"

"आमच्या गाडीतून नेऊ."

"मंग जावंला बी घेते. तिचं डोळं दावायचं हायेत."

मालकाच्या माणसांची चूक एवढीच की डोंगरातल्या दरीत टाकलं म्हणजे नाहीसं झालं, असं त्यांना वाटलं. आमच्याकडं दरीतून माणसं रोज वर-खाली करतात, आणि कामाची वस्तू कुणी पडू देत नाही.

टाकी आणि चौकट पंचांसमक्ष जप्त केली. मालकाला बोलावून शिवऱ्याच्या काट्यावर सगळ्यांच्या देखत चौकट चासीला लावली. चारही भोकं अचूक जुळली. टाकी चढवली, बाजूच्या हॉटेलच्या बोअरचं पाणी भरलं. ट्रक पुन्हा तोलला. आता पुढच्या चाकांवर पाचातला जेमतेम एक वाटा, मागं चार.

निरीक्षक म्हणाले, "हे सपाटीवर. चढाला लागला की यातलंही मागं सरकणार."

ट्रक काट्यावरून उतरवायला मी आमच्या जीपच्या चालकाला बसवलं. चौकशीत कोण काय बोललं, ते त्याला ठाऊक नव्हतं. ट्रक हातभर हलला आणि त्यानं ब्रेक दाबून खिडकीतून डोकं काढलं.

"साहेब, ह्याला काय केलंय? हातात कायच न्हाई!"

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी हसले नाहीत.

मालकाचा गोडवा तिथंच संपला. ठाण्यात येऊन त्यानं कबूल केलं. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसवा, असं फिटरनं त्याला बजावलं होतं. पण मधे टाकी आली की पाहुण्यांच्या खुर्च्या कमी होणार, म्हणून त्यानं ती शेपटीला लावून घेतली. या बदलाची नोंदही कुठं केली नव्हती. अपघातानंतर माणसं पाठवून टाकी काढायला त्यानंच सांगितलं.

त्याच्यावर पुरावा नष्ट केल्याचं कलम लागलं आणि दुखापतीची जबाबदारीही त्याच्यावर आली. दूधवाल्याला भरपाईचा दावा लावता आला. आता तो काठी घेऊन का होईना, चालतो. चालकाविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि त्याला आरोपीऐवजी साक्षीदार केलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं, आणि पुढं हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी ते सांगितलं. माणूस पुन्हापुन्हा तेच सांगत असेल आणि ते आपल्याला पटत नसेल, तर त्याच्यावर ओरडत बसू नका. त्याचं म्हणणं मोजून बघा. मोजता येणार नाही असं फार थोडं असतं. आपण मोजायचा कंटाळा करतो.

न्यायालयानं अहवाल मान्य केल्यावर चालक पडताळणीच्या कागदासाठी ठाण्यात आला. दाराशीच चप्पल काढून उभा राहिला. मी आत बोलावलं, बस म्हणालो. बसला नाही. मी कागद समोर घेतला, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'प्रतिकूल काही नाही', आणि खाली सही केली.

अशा सह्या मी नोकरीत कितीतरी केल्या. ही मात्र रकान्याच्या बाहेर गेली, एवढी मोठी आली.