उजव्या बाजूचं पाणी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाचा कप विसळत होतो. त्याच्या साइटवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "आप जल्दी आ जाइए, आपके बडे भाई..." आणि थांबला. पुढचं सांगायची त्याची हिंमत नव्हती, विचारायची माझी नव्हती. त्याला आता सात आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळातले मित्र मंडळाच्या पुरवणीसाठी दादावर लिही म्हणून मागे लागले आहेत आणि "चांगलं लिही हं," असंही एकाने बजावलंय. तर चांगलं आहे तेवढं आधी लिहून टाकतो. दादाने मला नाशिकहून दोह्याला आणलं. अल मुंतझातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात मी तीन वर्षं राहिलो, पहिली नोकरी त्याच्या शब्दावर मिळाली. टायफॉइडमध्ये त्याने स्वतःच्या हाताने मला पेज भरवली. पहिल्याच महिन्यात विळीवर माझं बोट चांगलं खोल कापलं, तेव्हा हळद लावून पट्टी बांधली ती मात्र वहिनींनी. बोटाच्या टोकावर तो आडवा वण अजून आहे. हे सगळं खरं आहे आणि आता पुढे लिहितोय तेही खरं आहे.

दादाची जीप जुनी होती, सनरूफवाली. दर शुक्रवारी सकाळी इमारतीमागच्या आवारात तो वॉचमनकडची नळी लावून तिला स्वतः आंघोळ घालायचा. इथल्या धुळीत गाडी धुतल्याशिवाय त्याला नाश्ता गोड लागत नसे. एका शुक्रवारी त्याच्या डाव्या बुटात पाणी आलं. सनरूफच्या भोवती एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या गाडीच्या खांबातून खाली जातात. ड्रायव्हरच्या बाजूची, म्हणजे इथे डावीकडची, नळी सांध्यातून निसटली होती. गॅरेजवाला म्हणाला, आतलं छत उतरवावं लागेल, गाडी दोन दिवस राहील. दोन दिवस टॅक्सीने जायचं दादाच्या जिवावर आलं. सिलिकॉनची ट्यूब माझ्या हातात देत तो म्हणाला, "तुझी बोटं बारीक आहेत, पन्हळीतलं त्या नळीचं भोक बुजव." मी म्हटलं, "दादा, उजवीकडची नळी धुळीने चोंदलीय. सगळं पाणी वहिनींच्या बाजूला उतरेल." त्यावर तो म्हणाला, "त्या बाजूला कुठे ब्रेक आहे?" आणि मोठ्याने हसला. मीही हसलो. त्याच्या घरात राहत होतो, त्याच्या ताटात जेवत होतो... पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते खरोखरच विनोदी वाटलं होतं. मी भोक बुजवलं आणि वर बोट दाबून नीट सपाट केलं.

त्यानंतर वहिनींच्या पायाखालचा गालिचा ओला राहायला लागला. गाडीत कुबट वास भरला. "तूच बाटली सांडलीस," दादा म्हणाला, आणि हे एकदा नाही, नऊ वर्षं म्हणत राहिला. मंडळाच्या गणपतीत, पिकनिकला, पाहुण्यांसमोर त्याचा तो ठरलेला नंबर होता. "आमच्या हिला गाडीत पाणी देऊ नका, तळं करते." लोक हसायचे. वहिनी बाटलीचं झाकण दोनदा पिळून ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसायच्या. पुढे त्यांनी बाटली न्यायचंच सोडलं. जुलैत एकदा समुद्रावरून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो, एसी धड चालत नव्हता. पेट्रोलपंपावर उतरल्या आणि तिथेच कोसळल्या. धावत आलेल्या पंपवाल्याला दादा म्हणाला, "कुछ नहीं, इनको आदत है." मी मागच्या सीटवर होतो, माझ्याजवळ भरलेली बाटली होती. त्याही दिवशी मी बोललो नाही. गालिचा मात्र पुढच्या शुक्रवारी पुन्हा ओला झाला आणि दादाने या वेळी त्यांच्या चपलांना दोष दिला.

नाशिकला तेराव्यापर्यंतचं सगळं उरकून वहिनी परत आल्या. त्या इथे शाळेत शिकवतात, नोकरी त्यांची स्वतःची. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, गाडी मी चालवणार आहे. लायसन्स काढून ठेवलंय, ह्यांनी कधी हात लावू दिला नाही तो भाग वेगळा. पण त्याआधी मला ते पाणी कुठून येतं ते बघायचंय."

पाणी शोधायची रीत मला दादानेच शिकवली होती. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरायची, आणि खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वहिनी त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसल्या, दारं लावली. मला जागा पाठ होती, तरी मी दाराच्या तळापासून सुरू केलं. "नाही," त्या आतून ओरडल्या. मग बिजागरीजवळ, मग पुढच्या काचेच्या कडेला. "नाही... नाही." प्रत्येक ठिकाणी मी हवा त्यापेक्षा जास्त वेळ घालवत होतो. शेवटी छपराशिवाय काही उरलंच नाही. मी नळी वर नेली.

"आलं! भाऊजी, आलं! खांबातून येतंय!" त्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांना इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. "म्हणजे बाटली नव्हती ना? नव्हतीच ना?"

"नव्हती," मी म्हणालो.

त्यांच्यासमोरच मी वायर घालून चोंदलेली नळी मोकळी केली. मग डाव्या कोपऱ्यातलं सिलिकॉन खरवडून काढलं. त्याचा वाटाण्याएवढा कडक गोळा निघाला. खिशात टाकणार तोच त्यांनी हात पुढे केला. गोळ्यावर बोटाचा ठसा होता आणि त्या ठशातून एक आडवी रेघ गेली होती. त्यांनी तो टॉर्चच्या उजेडात धरला, मग माझ्या हाताकडे पाहिलं. दादाचा अंगठा चमच्याएवढा होता... मी काहीतरी बोलणार होतो. "खलास, भाऊजी, पुरे," त्या म्हणाल्या, "नळी गुंडाळून ठेवा."

निसटलेली नळी त्यांनी पुढच्याच आठवड्यात छत उतरवून बसवून घेतली. दोन दिवस टॅक्सीने शाळेत गेल्या. आता दर शुक्रवारी किराणा आणायला जाताना मला घ्यायला येतात आणि मी नाही म्हणू शकत नाही. मी उजवीकडे बसतो. गालिचा खडखडीत कोरडा आहे. डॅशबोर्डवर दादाने चिकटवलेला गणपती होता तिथेच आहे. त्याच्याशेजारी, बरोबर माझ्या समोर, तो गोळा ठेवलाय, ठसा माझ्याकडे करून. गाडी सुरू करायच्या आधी वहिनी पाण्याची बाटली माझ्या हातात देतात.

"सांडू नका हं, भाऊजी."

मी झाकण दोनदा पिळतो आणि घर येईपर्यंत बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसतो.